निवडीचं स्वातंत्र्य आणि निवडीचं ओझं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या तोंडांनी आली आहे. निर्णय घ्यायची मुभा आहे, पण घेताना जीव मेटाकुटीला येतो. ओझं हलकं करण्यासाठी मुभाच सोडून द्यावी लागते, असं आम्हाला वाटत नाही. ओझं नेमकं कुठून येतंय ते आधी शोधावं लागतं, आणि ते प्रत्येकाचं वेगळं असतं.

प्रश्न : शिक्षण संपून वर्ष झालं. पुढे शिकायचं, नोकरी धरायची की स्वतःचं काही सुरू करायचं, काहीच ठरत नाही. घरचे म्हणतात, "तुला हवं ते कर." हे ऐकलं की पोटात गोळाच येतो. कुणीतरी सरळ हुकूम सोडला असता तर बरं झालं असतं, असंही वाटून जातं. माझ्यातच काही कमी आहे का?

कमी काही नाही. डॅनिश विचारवंत सोरेन किर्केगॉर यांनी 1844 मध्येच या अवस्थेचं वर्णन करून ठेवलं आहे. दरीच्या काठावरून खाली पाहिलं की भोवळ येते, तशीच आपल्याला काय काय करता येईल हे दिसल्यावरही येते. तुमच्या पोटातला गोळा तो हाच. "हुकूम सोडला असता तर" या इच्छेचा माग मानसशास्त्रज्ञ एरिक फ्रॉम यांनी 1941 मध्ये काढला. युरोपात माणसं आपखुशीने हुकूमशहांच्या मागे का गेली, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. जुनी बंधनं सुटलेला माणूस मोकळा होतो तसा एकटाही पडतो, आणि एकटेपणा सोसवेना झाला की कुणाच्या तरी आज्ञेखाली आसरा शोधतो, असं त्यांनी मांडलं. म्हणून ही इच्छा आली की तिची लाज वाटू देऊ नका, पण तिच्या मागेही जाऊ नका.

पुढे 1958 मध्ये ब्रिटिश विचारवंत इसाया बर्लिन यांनी स्वातंत्र्याचे दोन अर्थ वेगळे केले. वाटेत कुणी आडवं न येणं हा एक, आणि आपल्या आयुष्याची सूत्रं आपल्या हाती असणं हा दुसरा. तुमच्या घरच्यांनी पहिलं दिलं आहे. दुसरं कुणी देऊ शकत नाही, ते सवयीने येतं. त्याची सुरुवात कागदावर करा.

कोऱ्या कागदावर पर्याय लिहू नका, आधी निकष लिहा. येत्या दोन-तीन वर्षांत तुम्हाला काय मिळायला हवं? अमुक इतकं उत्पन्न, अमुक कौशल्य, आई-वडिलांजवळ राहणं, दिवसाचे काही तास मोकळे, जे असेल ते. पाचांच्या वर जाऊ नका. त्यांतल्या दोनांवर खूण करा : यांच्याशिवाय चालणारच नाही. मगच पर्याय मांडा. हा क्रम उलटला की गडबड होते, कारण मनात आधीच भरलेल्या पर्यायाला सोयीचे निकष आपण नकळत शोधून काढतो. जो पर्याय खूण केलेल्या दोनांपैकी एकातही नापास होईल, तो खोडा. उरलेल्यांना बाकीच्या निकषांवर 1 ते 5 गुण द्या आणि बेरीज करा. बेरीज म्हणजे निकाल नव्हे. बेरीज पाहून मन खट्टू झालं, तर एखादा खरा निकष कागदावर यायचाच राहिला आहे. तो बहुतेक वेळा कबूल करायला जड जाणारा असतो : "मला घराबाहेर पडायचंय", "मित्रांच्या मागे पडायचं नाही". तो लिहा आणि पुन्हा गुण द्या.

त्यानंतर प्रत्येक पर्यायापुढे लिहा : सहा महिन्यांनी मागे फिरता येईल का, आणि फिरायचं तर काय गमवावं लागेल? मागे फिरता येण्याजोग्या पर्यायाची छोटी चाचणी घ्या. त्या कामात असलेल्या माणसासोबत आठवडाभर बसा, पहिलं छोटं काम स्वतः घेऊन पाहा. वर्षभराच्या विचारातून न मिळालेली माहिती त्या आठवड्यात मिळते.

इतकं करूनही दोन पर्याय बरोबरीत राहिले तर त्यांच्यातला फरक खरोखरच थोडा आहे, आणि थोड्या फरकासाठी वर्ष घालवणं महागात पडतं. अशा वेळी नाणं उडवायलाही आमची हरकत नाही. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांच्या प्रयोगात ठरवता न येणाऱ्या माणसांनी 20 हजारांहून अधिक वेळा नाणं उडवलं. मोठ्या निर्णयांत ज्यांना नाण्याने "बदल कर" असा कौल दिला आणि ज्यांनी तो मानला, ते सहा महिन्यांनी सरासरीने अधिक समाधानी निघाले. हे लोक आपणहून प्रयोगात आले होते आणि समाधानही त्यांनी स्वतःच सांगितलेलं, म्हणून नाण्यात जादू आहे असं समजू नका. रेंगाळण्यापेक्षा बदल करून पाहणं अनेकांना मानवलं, एवढंच त्यातून घ्या.

प्रश्न : पर्याय जास्त झाले की माणूस निवडूच शकत नाही, असं हल्ली सगळीकडे सांगतात. हे खरं आहे का? मग पर्याय कमी करणं हेच समाजाच्या हिताचं, असं म्हणायचं का?

अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याचा उपयोग करून घेणारे पुष्कळ आहेत, म्हणून नीट पाहू. मानसशास्त्रज्ञ शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या दाव्याच्या मुळाशी आहे. दुकानात चवीसाठी जॅम मांडले होते, कधी 24 प्रकारचे, कधी 6. चोवीसांच्या टेबलाशी येणाऱ्यांपैकी 60 टक्के लोक थांबले, सहांच्या टेबलाशी 40 टक्के. पण थांबलेल्यांपैकी विकत घेणारे मात्र अनुक्रमे 3 टक्के आणि 30 टक्के. हा आकडा इतका बोलका होता की पुढचं संशोधन लोकांपर्यंत पोचलंच नाही. 2010 मध्ये अशा 50 प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. कुठे जास्त पर्यायांनी माणसं गोंधळली, तर कुठे खूशही झाली.

2015 मध्ये दुसऱ्या गटाने हा फरक कशामुळे पडतो ते तपासलं. चार गोष्टी पुढे आल्या : पर्यायांची तुलना करणं किती किचकट आहे, निर्णय घेण्याचं काम किती अवघड केलं आहे (वेळ कमी, माहिती विस्कळीत), स्वतःला काय हवं हे माणसाला किती स्पष्ट आहे, आणि तो ठरवायला आला आहे की नुसता पाहायला. यांतली तिसरी आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. काय हवं ते ठाऊक असलेल्या माणसाला शंभर पर्यायही जड होत नाहीत.

तेव्हा पर्याय कापून टाकणं हा उपाय नव्हे. आधी गट पाडा, गटांमधून एक निवडा, मग त्या गटातले तीन-चारच समोर ठेवा. तुलनेचे मुद्दे सगळ्यांना एकच लावा. आणि "तुमच्या भल्यासाठी पर्याय कमी केले" असं कुणी म्हणालं, की कोणते कमी केले आणि कुणाच्या सोयीचे उरले, हे जरूर विचारा.

प्रश्न : कुठलाही निर्णय घेतला तरी नंतर मन शोधतच राहतं. याहून चांगलं मिळालं असतं का? नोकरी घेतल्यावरही मी दुसऱ्या जाहिराती पाहत असतो. ही खोड कशी मोडायची?

अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांनी 1956 मध्ये दाखवलं की खऱ्या आयुष्यात सगळे पर्याय तपासून सर्वोत्तम निवडणं माणसाला शक्यच नसतं. तेवढा वेळ नसतो आणि तेवढी माहितीही नसते. पुरेशा चांगल्याची एक रेघ ठरवायची आणि ती ओलांडणारा पहिला पर्याय घ्यायचा, ही वागण्याची शहाणी रीत. 2006 च्या एका अभ्यासात नोकरी शोधणारे पदवीधर पाहिले गेले. सर्वोत्तमच हवं म्हणणाऱ्यांना सुरुवातीचा पगार सुमारे 20 टक्क्यांनी जास्त मिळाला, पण नोकरीबद्दल त्यांचं समाधान मात्र कमी होतं. तुमची खोड फुकट जात नाही, तिचा पगार मिळतो. प्रश्न आहे तो समाधानाचा.

पुरेशाची रेघ शोध सुरू करण्याआधी लिहून ठेवा आणि शोध संपेपर्यंत वर सरकवू नका. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. पहिला बरा पर्याय दिसला की "एवढं मिळतंय तर याहून जास्तही मिळेल" म्हणत रेघ वर जाते, आणि मग काहीच पुरेसं ठरत नाही. रेघ बदलायचीच असेल तर शोधाच्या मध्यावर एकदा, कारण लिहून.

आणि परतीचं दार मुद्दाम बंद करा. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांच्या 2002 च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेल्या छायाचित्रांतलं एक ठेवायचं होतं. काहींना नंतर बदलण्याची मुभा होती, काहींना नव्हती. मुभा असलेल्यांना आपलं छायाचित्र कमी आवडलं. तरीही आधी विचारलं तर माणसं बदलण्याची मुभाच पसंत करतात! निर्णय अंतिम झाला की मन त्याच्यातलं चांगलं शोधायला लागतं, दार उघडं असेपर्यंत ते हे काम सुरूच करत नाही. म्हणून जाहिरातींच्या सूचना बंद करा, आणि नोकरीचा फेरविचार करायची तारीख आत्ताच ठरवा, एक वर्षानंतरची. त्याआधी फेरविचार फक्त ठोस कारणासाठी : पगार थकला, तब्येत बिघडली, काम सांगितलं होतं त्यापेक्षा वेगळं निघालं.

जाता जाता एक इशारा. "पहिले 37 टक्के पर्याय नुसते पाहा, मग त्या सर्वांहून सरस असा पहिला घ्या" हा नियम हल्ली जोडीदारापासून घरापर्यंत सगळ्याला लावतात. हे गणित बरोबर आहे, पण एकूण पर्याय किती हे आधी ठाऊक असेल, नाकारलेला परत मिळत नसेल आणि सर्वोत्तम सोडून बाकी सगळ्यांची किंमत शून्य असेल, तरच. आयुष्यातले फार थोडे निर्णय असे असतात.

प्रश्न : मी 31 वर्षांची आहे, स्वतः कमावते. जोडीदार कोण असावा हे मी ठरवलं आहे. आई-वडिलांचा विरोध त्याला नाही, "लोक काय म्हणतील" याची त्यांना धास्ती आहे. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे सगळेच सांगतात. पण मनाचं करून आई-बाबा दुरावले तर ते मला पेलेल का?

हक्काबद्दल शंका ठेवू नका. मानवी हक्कांच्या 1948 च्या जागतिक जाहीरनाम्यातलं 16 वं कलम सांगतं की विवाह दोघांच्या मुक्त आणि पूर्ण संमतीनेच व्हावा. इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1859 मध्ये आखलेली सीमा इथे फार उपयोगी पडते. एखाद्याच्या इच्छेविरुद्ध त्याच्यावर बळजबरी करायची, तर ती दुसऱ्याला होणारी इजा टाळण्यासाठीच. त्याच्या स्वतःच्या भल्याचं कारण पुरत नाही. पण समजावणं, वाद घालणं, विनवणं यांना मिल यांनी पूर्ण मोकळीक ठेवली आहे. म्हणजे आई-बाबांनी तुमच्याशी भांडावं, रडावं, पुन्हा पुन्हा बोलावं, हा त्यांचा अधिकार. अडवून ठेवणं, धमकावणं हा नव्हे.

"लोक काय म्हणतील" याची ताकद खरी आहे. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी 1950 च्या दशकात रेघांची लांबी ओळखण्याचे साधे प्रयोग केले. खोलीतले बाकी सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत, तेव्हा सुमारे एक तृतीयांश वेळा माणसं डोळ्यांना दिसणारं सोडून त्यांच्या मागे गेली. पण खोलीत खरं उत्तर देणारा एक जरी सोबती असला, की हे प्रमाण एकदम घसरलं. तुमच्या आई-बाबांना हाच एक सोबती मिळवून द्या. ते ज्यांचा शब्द मानतात असं एक माणूस शोधा, मावशी, काका, त्यांचा जुना मित्र. आधी त्यांच्याशी एकट्याने बोला. त्यांनी तुमची वकिली करायला नको, फक्त "मला यात वावगं काही दिसत नाही" एवढं आई-बाबांसमोर म्हणावं.

मग बोलणं. दिवस निवांत असावा, घरात पाहुणे नसावेत, बैठक तासाभराहून लांबू नये. पहिली वीस मिनिटं तुम्ही काही पटवूच नका, त्यांची भीती ऐका आणि त्यांच्यासमोरच लिहून काढा. तीन ढीग होतील. तपासता येण्याजोगं : स्वभाव, तब्येत, कमाई. त्याची माहिती द्या, भेट घडवा. दुसरा ढीग लोकांचा. तिथे शांतपणे विचारा, "कोण लोक? नावं सांगा." बहुधा तीन-चार नावं निघतात, आणि नावं निघाली की कुणाला कुणी काय सांगायचं हे ठरवता येतं. बिनचेहऱ्याच्या लोकांचं मात्र काहीच करता येत नाही. तिसरा ढीग दुःखाचा : आम्ही काही वेगळं मनात धरलं होतं. याला युक्तिवाद नसतो, वेळ द्यावा लागतो.

बोलताना सर्वांत मोठी चूक होते ती "चालेल ना?" असं विचारण्यात. ठरलेलं असताना विचारलं की नकाराची जागा तयार होते, आणि मग नकार डावलल्याचा दोष तुमच्यावर येतो. असं म्हणा : "आई, बाबा, मी हे ठरवलं आहे. तुम्ही माझ्याबरोबर असावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. तुम्हाला किती वेळ हवा?" त्यांनी सांगितलेली मुदत पाळा, पण ती दुसऱ्यांदा वाढवून देऊ नका.

पेलेल का, असं विचारलं आहे. निर्णय तुमचा, त्यावर रागवायचं की नाही हा निर्णय त्यांचा. दोन्ही ओझी तुम्ही एकटीने उचलायला निघालात तर पेलणार नाहीत. दुरावा आला तरी तुमच्या बाजूने फोन, वाढदिवस, आजारपणातली चौकशी चालू ठेवा. असे दुरावे बऱ्याचदा एखाद्या आजारपणात किंवा आनंदाच्या प्रसंगी सैल होतात, तेव्हा तुमचं दार बंद असता कामा नये.

हे सगळं माया असलेल्या घरासाठी. जिथे मारहाणीची, कोंडून ठेवण्याची भीती आहे, तिथे आधी सांगायचंच नाही. आधी ओळखीची कागदपत्रं, फक्त स्वतःच्या नावावरचे पैसे, राहायची जागा आणि रोज ठरल्या वेळी खुशाली विचारणारं एक विश्वासाचं माणूस, एवढी तयारी. बोलणं त्यानंतर, सुरक्षित अंतरावरून.

प्रश्न : वडिलांचा आजार वाढत चालला आहे. पुढचे मोठे निर्णय माझ्यावरच येणार. डॉक्टर म्हणतात, "तुम्ही सांगाल तसं करू." हा अधिकार मला नकोसा वाटतो. असं वाटणं म्हणजे पळपुटेपणा का?

मुळीच नाही. 1992 मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात सर्वसाधारण लोकांना विचारलं, तुम्हाला कर्करोग झाला तर उपचार कुणी ठरवावेत? 64 टक्के म्हणाले, आम्हीच. ज्यांना नुकतंच निदान झालं होतं त्यांच्यापैकी 59 टक्क्यांना मात्र डॉक्टरांनी ठरवावं असं वाटत होतं. दुखण्यात निवडीचा अधिकार दुरून दिसतो तसा जवळून दिसत नाही. नवजात बाळाचे जीवनरक्षक उपचार थांबवावे लागलेल्या अमेरिकन आणि फ्रेंच पालकांचा अभ्यास 2009 मध्ये आला. अमेरिकेत शेवटचा शब्द पालकांचा होता, फ्रान्समध्ये डॉक्टरांचा. अपराधीपणा अमेरिकन पालकांच्या मनात जास्त रेंगाळला. तरीही निवड आपल्या हातून काढून घ्यावी, असं त्यांना वाटत नव्हतं.

यातून वाट आहे, पण ती आजच धरावी लागेल.

पहिला निर्णय तुमचा नाहीच, वडिलांचा आहे. ते ठरवू शकतात का, हे पाहायला डॉक्टर चार गोष्टी तपासतात : सांगितलेलं समजतं का, ते आपल्याच बाबतीत घडतंय याची जाण आहे का, पर्यायांचा विचार करून कारण देता येतं का, आणि निवड सांगता येते का. बोलणं अडखळतं किंवा विसर पडतो एवढ्यावरून ही क्षमता गेली असं धरू नका. सकाळी ताजेतवाने असताना विचारा, एका वेळी एकच प्रश्न. "बाबा, कुठल्या अवस्थेत जगणं तुम्हाला नकोसं होईल? यंत्रावर किती दिवस ठेवलेलं चालेल? घर की इस्पितळ? तुम्हाला बोलता आलं नाही तर कुणाचं ऐकायचं?" उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा, तारीख घाला, डॉक्टरांना आणि भावंडांना प्रत द्या. उपचारांबाबतच्या अशा इच्छापत्राला कायद्याचं बळ मिळायला काय लागतं, ते प्रत्येक देशात वेगळं असतं. तेही आत्ताच विचारून घ्या.

वेळ आली की स्वतःला "मला काय वाटतं?" असं विचारू नका. "हे सगळं समजलं असतं तर बाबा काय म्हणाले असते?" असं विचारा. प्रश्न एवढा बदलला की ओझ्याचा मोठा भाग उतरतो, कारण आता तुम्ही त्यांचा निरोप पोचवत असता.

"तुम्ही सांगाल तसं करू" म्हणणाऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा : "तुमची शिफारस काय, आणि का? काहीच केलं नाही तर काय होईल? यातून ते बरे होऊन घरी येतील, की फक्त दिवस वाढतील? आज ठरवलं नाही तर काही बिघडेल का?" शिफारस मागितल्याने तुमचा अधिकार जात नाही. मान्य करायची की नाही हे तुमच्याच हाती राहतं, आणि ओझं मात्र वाटलं जातं. मोठे उपचार सुरू करायचे की नाही यावर गाडी अडली तर मुदतीची चाचणी मागा : उपचार सुरू करायचे, पाच-सात दिवसांनी ठरलेल्या तारखेला पाहायचं, आणि कोणत्या खुणा दिसल्या तर पुढे जायचं हे आधी लिहून ठेवायचं. सुरू केलेला उपचार थांबवणं आणि मुळात सुरू न करणं यांत वैद्यकीय नीतिशास्त्र फरक मानत नाही. मनाला मात्र थांबवणं फार जड जातं. तारीख आधी ठरलेली असली की ते थोडं सोपं होतं.

भावंडं असतील तर निर्णयाच्या बैठकीला सगळे हवेत, दूर राहणाराही फोनवर. नंतर "मला कुणी विचारलंच नाही" असं म्हणायला जागा राहू नये.

प्रश्न : मी सगळे निर्णय थोरल्या भावावर सोपवले आहेत. मन हलकं झालं. यात वाईट काय?

तीन गोष्टी तपासा. सोपवलेलं परत घेता येतं का? कोणत्या बाबतीत आणि कधीपर्यंत, हे ठरलं आहे का? भाऊ चुकला तर तुम्ही त्यांना तसं म्हणू शकता का? तिन्हींचं उत्तर "हो" असेल तर तुम्ही काम वाटून घेतलं आहे, खुशाल चालू द्या. "नाही" असेल तर मुखत्यारपत्रं, सह्या आणि पैशांचे व्यवहार आधी परत घ्या. एवढं मात्र ध्यानात असू द्या की जबाबदारी पूर्ण टळत नाही. फ्रेंच विचारवंत ज्याँ-पॉल सार्त्र यांनी 1945 मध्ये पॅरिसच्या व्याख्यानात नेमकं हेच सांगितलं : सल्ला कुणाला विचारायचा हे ठरवताना, तो काय सांगणार हे आपल्याला साधारण ठाऊक असतं. सल्लागार निवडला तेव्हाच आपण निवड केलेली असते.

प्रश्न : "ज्याच्या त्याच्या निवडीचं फळ" असं म्हणून गरिबी, आजार, अर्धवट शिक्षण सगळ्याचा दोष माणसावर टाकतात. तुम्हाला हे पटतं?

नाही. अमर्त्य सेन यांचं उदाहरण घ्या : उपास करणारा आणि उपाशी राहिलेला, दोघांच्याही पोटात अन्न नाही. पण एकाला जेवता आलं असतं, दुसऱ्याला नाही. बाहेरून वागणं सारखं दिसलं म्हणून निवड सारखी होत नाही. 2011 मध्ये अमेरिकेत झालेल्या काही प्रयोगांत असं आढळलं, की माणसांच्या मनात "निवड" ही कल्पना नुसती जागी केली तरी ती संकटात सापडलेल्याला जास्त दोष देतात, आणि सर्वांच्या भल्याच्या धोरणांना त्यांचा पाठिंबा कमी होतो. स्वातंत्र्याची भाषा इतक्या सहज कठोर होऊ शकते, याची आम्हाला काळजी वाटते. कुणाला दोष देण्याआधी विचारा : दुसरा पर्याय त्याला माहीत होता का? परवडणारा होता का? आणि तो घेतला असता तर शिक्षा, उपासमार, बेघर होणं असं काही वाट्याला आलं असतं का?

प्रश्न : मुलांना किती निवडू द्यावं?

लहान मुलांना दोन किंवा तीन पर्याय, आणि सगळे तुम्हाला खरोखर चालणारे. उत्तर आधीच ठरलेलं असेल तर विचारूच नका. विचारून डावलण्यापेक्षा "आज हे करायचं आहे" असं सांगणं अधिक प्रामाणिक. वाढत्या वयाबरोबर पर्यायांची संख्या नव्हे, तर विषय वाढवा : आधी कपडे आणि खेळ, मग मोकळा वेळ, खाऊचे पैसे, मित्र, पुढे अभ्यासाचे विषय. मुलाने निवडल्यावर परिणामही त्याला भोगू द्या, इजा होणार नसेल तर मध्ये पडू नका.

प्रश्न : दहा वर्षांपूर्वी चालून आलेली संधी घाबरून सोडली. तेव्हा बरंच वाटलं होतं, आता रोज खंत वाटते. उलटं कसं झालं?

उलटं नाही, हे असंच होतं. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी 1990 च्या दशकात दाखवलं की जवळच्या काळात केलेल्या गोष्टी जास्त खुपतात, आयुष्याकडे मागे वळून पाहताना न केलेल्या. केलेल्या चुकीचे परिणाम समोर येतात, त्यांना शेवट असतो. न केलेल्या गोष्टीचे परिणाम कल्पनेतच असतात आणि कल्पना त्यांना वाढवत नेते. म्हणून एका कागदावर त्या संधीचं एक खरंखुरं वर्ष लिहा : कामाचे तास, प्रवास, तोटे, नकोशी माणसं यांसह. सोनेरी बाजू आपोआप आठवतेच, दुसरी मुद्दाम लिहावी लागते.

निकालावरून निर्णय तोलणं ही दुसरी चूक. त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर निर्णय योग्य होता का, एवढाच न्याय्य प्रश्न आहे. पुढच्या निर्णयांसाठी पाच ओळींची नोंद ठेवा : तारीख, काय ठरवलं, कोणत्या माहितीवर, काय होईल असं वाटतं, आणि त्या वेळी मन कसं होतं. दहा वर्षांनी आठवण दगा देते, नोंद देत नाही.

प्रश्न : अर्जात आधीच बरोबरची खूण केलेले चौकोन असतात. तीही आपलीच निवड म्हणायची का?

नावापुरती. अवयवदानाबाबत 2003 मध्ये आलेली तुलना पाहा. जर्मनीत देणाऱ्याने स्वतः होकार नोंदवायचा होता, तिथे संमती 12 टक्के. शेजारच्या ऑस्ट्रियात नकार नोंदवेपर्यंत होकारच धरला जात होता, तिथे 99.98 टक्के. दोन शेजारी देशांतल्या माणसांची मनं इतकी वेगळी नसतात, फरक अर्जाच्या मांडणीचा होता. अवयवदानासारख्या कामात ही मांडणी भल्याची ठरू शकते, वर्गणी आपोआप वाढवणाऱ्या अर्जात ती तुमच्या खिशाला चाट लावते. म्हणून सही करण्याआधी भरलेला प्रत्येक चौकोन रिकामा करा, मग अर्ज पहिल्यापासून वाचा आणि हवे तेवढेच चौकोन स्वतःच्या हाताने पुन्हा भरा.